मधला पूल

बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये एक जंगल आहे. सरळ रेषेत मोजलं तर बारा-तेरा किलोमीटरचं अंतर. बिबट्याला ते एका रात्रीत जमत असेल. माणसाला लोकलने जायचं तर आधी बोरिवलीहून खाली दादरपर्यंत यायचं, तिथे पूल चढून-उतरून पलीकडची गाडी धरायची आणि पुन्हा वर मुलुंडपर्यंत जायचं. हे सगळं मिळून पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास जातं. जून २०१४मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली, तेव्हापासून अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून मुलुंड असा दुसरा रस्ता झाला. त्यात पंधराएक किलोमीटर वाचतात. वेळ किती वाचतो, ते मात्र अंधेरीच्या आणि घाटकोपरच्या जिन्यांवर ठरतं.

मी बोरिवलीची, माझी मावशी मुलुंडची. लहानपणी तिच्याकडे जायचं म्हणजे गावाला निघाल्यासारखं सकाळी लवकर आवरून, पाण्याची बाटली भरून निघायचो. गोरेगावला राहणारी आत्या एवढी लांब कधी वाटली नाही, कारण ती आमच्याच लाइनवर होती. एका लाइनवरची माणसं सहज येता-जाता भेटतात, दुसऱ्या लाइनवरच्यांना भेटायला कारण लागतं. लग्नं जमवतानासुद्धा मुंबईत पत्रिकेच्या आधी लाइन बघतात. ‘मुलगा सोन्यासारखा आहे हो, पण डोंबिवलीला राहतो,’ हे वाक्य कांदिवलीच्या घरांत किती वेळा बोललं गेलं असेल! त्यात डोंबिवलीला नावं ठेवायचा उद्देश नसतो. मुलगी माहेरी यायची तर मध्ये दादर पडतं, एवढंच म्हणायचं असतं.

मावशीला तो दादरचा पूल नको असतो. ‘गाडीत तासभर उभी राहीन गं, पण ते जिने नकोत,’ असं ती म्हणते. वाहतुकीचं नियोजन करणारे लोकही जवळपास हेच म्हणतात, फक्त आकड्यांत. प्रवाशाची वेळ मोजताना गाडीत बसून गेलेलं मिनिट आणि वाट बघण्यात किंवा चालण्यात गेलेलं मिनिट ते सारखं धरत नाहीत. दुसऱ्या प्रकारचं मिनिट माणसाला साधारण दीडपट-दुप्पट जड जातं असं मानतात. शिवाय गाडी बदलावी लागण्याचा म्हणून एक वेगळा दंड धरतात. समोरासमोर गाडी मिळाली तरी तो लागू होतोच, कारण उतरायचं, शोधायचं, पुन्हा जागा मिळवायची ही कटकट आलीच. म्हणजे मावशीचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. तिने फक्त ते गुडघ्यांवरून काढलंय.

आता हे असं का, तर त्याची गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, ती जीआयपी नावाच्या रेल्वे कंपनीची. पश्चिमेकडून बीबी अँड सीआय नावाची दुसरी कंपनी आली, आणि १८६७मध्ये तिची गाडी विरारहून बॅकबेपर्यंत धावायला लागली. दोन्ही इंग्रजी कंपन्या, दोघींचा धंदा वेगळा, हिशेब वेगळा. दोघींनी आपापले रूळ नाकासमोर टाकले. बेट अरुंद, त्यामुळे दादर-परळच्या पट्ट्यात दोन्ही लाइनी इतक्या जवळ आल्या की एकीच्या गाडीतून दुसरीची गाडी दिसते. पण स्टेशनं मात्र दोनच राहिली. दक्षिणेला तर दोघींची शेवटची स्टेशनंही वेगळी. चर्चगेट आणि सीएसएमटी यांच्यात चालत पंधरा-वीस मिनिटांचं अंतर, पण तेवढं जोडावं असं कोणाला वाटलं नाही. कंपन्यांना वाटायचं कारणच नव्हतं. शहराला वाटायला हवं होतं, पण शहराला विचारतो कोण?

कंपन्या गेल्या. ५ नोव्हेंबर १९५१ला एकीची मध्य रेल्वे झाली, दुसरीची पश्चिम रेल्वे. मालक एक, रुळांची रुंदी एक, डबे बनवणारे कारखाने तेच. तरी दादरला डिसेंबर २०२३पर्यंत एक नंबरचे फलाट दोन होते. पश्चिमेचा एक नंबर, मध्यचा एक नंबर. बाहेरगावची गाडी धरायला आलेला माणूस सामानसुमान घेऊन एका तीन नंबरवर उभा राहायचा आणि त्याची गाडी दुसऱ्या तीन नंबरवरून सुटायची. अखेर ९ डिसेंबर २०२३ला नंबर सलग केले. पश्चिमेचे एक ते सात तसेच राहिले आणि मध्यचे आठ ते चौदा झाले. त्यासाठी एक वीट हलवावी लागली नाही, नुसत्या पाट्या बदलायच्या होत्या आणि घोषणा. दोन झोन झाल्यापासून त्याला बहात्तर वर्षं लागली.

एका बाबतीत मात्र या जुन्या व्यवस्थेला मानलं पाहिजे. तिकीट. विरारला तिकीट काढा, कल्याणला उतरा. दादरला कोणी तुम्हाला नवं तिकीट मागत नाही. पासावर ‘व्हाया दादर’ असतं आणि ते दोन्हीकडे चालतं. पुलावर ना फाटक, ना बॅगांची तपासणी. त्यामुळे दादरचा पूल दमवतो, पण अडवत नाही. मेट्रोच्या काळात या फरकाची किंमत कळायला लागली.

त्या पुलावर संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला एकदा नुसतं उभं राहून बघा. म्हणजे कठड्याला चिकटून, नाहीतर कोणी उभं राहू देणार नाही. पश्चिमेच्या फलाटावर गाडी लागते, आणि ती थांबायच्या आधीच दारातली माणसं उतरून जिन्याकडे धावलेली असतात. मागून येणारे त्यांच्यावर, त्यांच्या मागचे आणखी त्यांच्यावर. जिन्याच्या तोंडाशी गर्दी एकदम बारीक होते, पावलं अर्धी होतात, माणसं डावी-उजवी डुलत चढतात. वर पोचल्यावर उतरणाऱ्यांचा लोंढा समोरून येतो. डावीकडून चाला अशी पाटी आहे, पण ज्याला उजवीकडच्या जिन्याने खाली जायचंय तो डावीकडून कशाला चालेल? सकाळी यात फुलबाजारातून निघालेल्या बायका असतात, डोक्यावर झेंडूचे ओले भारे. त्यांच्यासाठी गर्दी आपोआप फाटते, कारण भाऱ्यातलं पाणी कोणालाच शर्टावर नको असतं.

पुलाच्या साधारण मध्यावर दोन आवाज एकमेकांत मिसळतात. मागून ‘चर्चगेटकडे जाणारी जलद लोकल’ आणि पुढून ‘कसाराकडे जाणारी’. कान दुसऱ्या आवाजाकडे लावून चालायचं, कारण खाली उतरायचं कुठे ते त्याच्यावर ठरतं. स्लो की फास्ट, आठ नंबर की दहा, पंधरा डब्यांची की बारा? इंडिकेटर पुलावरून दिसतो तोवर तुम्ही योग्य जिना ओलांडून पुढे आलेले असता. मग परत फिरायचं, म्हणजे लोंढ्याच्या विरुद्ध. नेहमीचे प्रवासी यातलं काही बघत नाहीत. त्यांना खांब पाठ असतात.

आणि डबेही पाठ असतात. मुंबईचा माणूस चढताना उतरण्याचा विचार करून चढतो. दादरला पुलासमोर उतरायचं तर बोरिवलीला कुठल्या खांबापाशी उभं राहायचं, हे त्याला झोपेतही सांगता येतं. आमच्या ऑफिसातला एक सहकारी रोज अमुक एका दारातूनच चढायचा. ते दार दादरला बरोब्बर जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर येतं असं त्याचं म्हणणं. त्याला त्याचा अभिमान होता, आणि मला त्याचा हेवा. कारण ही सोय पुरुषांची आहे. आमचे लेडीज डबे ठरलेले. ते जिथे थांबतील तिथे आम्ही उतरणार, आणि पूल तिथून जितका लांब असेल तितकं फलाटावरून चालणार. तेही सगळी गर्दी आमच्या आधी जिन्याला लागल्यावर. गाडी बदलण्याचा वेळ बायकांना आणि पुरुषांना वेगळा लागतो, ही गोष्ट कुठल्या आराखड्यात धरली असेल असं वाटत नाही.

दादरचं सगळं वाईटच आहे असं म्हणणार नाही. दोन लाइनी मिळतात म्हणूनच तर दादर हे दादर आहे. आमच्या घरची केळवणं, मावसबहिणीचा साखरपुडा, शिवाजी मंदिरातली नाटकं, दिवाळीची खरेदी, सगळं तिथेच होत आलं, कारण ठाण्याकडच्यांना आणि बोरिवलीकडच्यांना सारखंच गैरसोयीचं असं ते एकच ठिकाण. मावशी आणि मी आता बहुतेक वेळा तिथेच भेटतो. ती तिच्या बाजूला उतरते, मी माझ्या बाजूला, आणि पूल मी ओलांडते. नियम म्हणून.

दादरच्या पुढच्या स्टेशनबद्दल मात्र असं हलकं लिहिता येत नाही. एल्फिन्स्टन रोड पश्चिमेचं, परळ मध्यचं, मध्ये एक अरुंद पूल. गिरण्या होत्या तेव्हा त्या भागातला कामगार आसपासच्या चाळींतून चालत कामावर जायचा. गिरण्या गेल्या आणि त्या जागांवर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत काम करायला माणसं कर्जतहून, विरारहून येऊ लागली, आणि ती सगळी त्याच पुलावरून. २९ सप्टेंबर २०१७च्या सकाळी अचानक पाऊस आला. आडोसा म्हणून माणसं पुलावर आणि जिन्यातच थांबली, खालून गाड्या नवी माणसं आणत राहिल्या. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर लष्कराला बोलावून तिथे दुसरा पूल बांधून घेतला. तो फेब्रुवारी २०१८मध्ये खुला झाला. जुलैत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं.

लष्कराने काही महिन्यांत पूल उभा केला, याचं तेव्हा कौतुक झालं. मला त्याचा वेगळाच त्रास होतो. काही महिन्यांत होणारं काम होतं तर. तो पूल अपुरा आहे हे तिथून जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. पण तो पूल नेमका कोणाचा, हा प्रश्न होता. एक टोक एका झोनमध्ये, दुसरं टोक दुसऱ्या झोनमध्ये, जिन्याबाहेरचा रस्ता महापालिकेचा. गाडी उशिरा आली तर कोणाला तरी जाब विचारता येतो. दोन गाड्यांच्या मधल्या दहा मिनिटांत जे होतं, त्याचा जाब कोणाला विचारायचा?

माझ्या मते सगळं घोडं इथे अडतं. लाइन हा प्रकल्प असतो. तिला अहवाल असतो, निधी असतो, नारळ फोडायला मंत्री असतो. दोन लाइनींच्या मधल्या जागेला यातलं काही नसतं. ती एका प्रकल्पाच्या शेवटच्या पानावर आणि दुसऱ्याच्या प्रस्तावनेत अर्ध्या-अर्ध्या ओळीत असते. पूल, भुयार, सरकता जिना ज्याच्या जागेत येणार त्याची परवानगी घ्यायची, ज्याला गरज त्याने खर्च करायचा, आणि देखभाल कोण करणार यावर बैठका व्हायच्या. तोवर दोन्ही लाइनी सुरू झालेल्या असतात आणि माणसांनी आपापली वाट काढलेली असते. वाट काढली की प्रश्न सुटला असं समजण्याची आपल्याकडे पद्धतच आहे.

नव्या मेट्रोंकडून अपेक्षा वेगळी होती. दोन परक्या कंपन्यांनी एकमेकींकडे पाठ केली हे समजू शकतं; पण या लाइनी एकाच नकाशावर, एकाच काळात आखलेल्या. तरी नावांपासून सुरुवात करा. मेट्रो १चं, म्हणजे त्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोचं, स्टेशन डी. एन. नगर, आणि जिथे तिच्यावरून मेट्रो २एकडे जायचं ते स्टेशन अंधेरी पश्चिम. मेट्रो १चं वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे, त्याला पुलाने जोडलेलं मेट्रो ७चं स्टेशन गुंदवली. मुंबई सेंट्रलला जायचं तर मेट्रो ३ने जगन्नाथ शंकरशेठ या स्टेशनावर उतरायचं. नाना शंकरशेठांचं नाव दिलं याचा आनंदच आहे. भारतात रेल्वे आणण्याच्या खटपटीत ते होते. पण सुरतेहून गाडीने येऊन पहिल्यांदा मेट्रोत शिरणाऱ्याला नकाशावर ‘मुंबई सेंट्रल’ शोधावं लागतं. जुन्या लाइनींनी परळ-प्रभादेवी, करी रोड-लोअर परळ, माटुंगा-माटुंगा रोड अशा जोड्या करून ठेवल्याच होत्या. त्यांत आपण नव्याने भर घातली.

मग तपासणी. लोकलमधून उतरून मेट्रोत जायचं तर बॅग पट्ट्यावर टाकायची, हात वर करून उभं राहायचं, मग फाटक. सुरक्षेचं कारण पटतं, पण माणूस तोच, बॅग तीच, आणि तोच माणूस तीच बॅग घेऊन आत्ता लोकलमधून चौदा जणांच्या खांद्याला खांदा लावून आलाय. सकाळी घाटकोपरला कल्याणकडची गाडी रिकामी होते तेव्हा या तपासणीपाशी जी रांग लागते, तिच्यात उभं राहून माणसं दर दहा सेकंदांनी घड्याळ बघतात. मेट्रो चार-पाच मिनिटांना एक असली काय, नसली काय; थांबायचं असतं ते तिच्या दारात नाही.

मरोळ नाक्याला मेट्रो १ वर आकाशात आणि मेट्रो ३ जमिनीच्या पोटात. त्या दोघींमध्ये जायला सरकते जिने आहेत, एकापाठोपाठ एक, खाली आणि आणखी खाली. सगळे चालू असले की मजा वाटते. एकदा एका स्टेशनावर, कुठल्या ते सोडून द्या, मावशीला घेऊन गेले होते. लिफ्टच्या दाराला साखळी आणि शेजारी ‘देखभालीसाठी बंद’ असा कागद. कागदाचे कोपरे पिवळे पडले होते, चिकटपट्टी सुटून आली होती. म्हणजे तो काल-परवाचा नव्हता. मावशीने तो नीट वाचला, चष्मा पर्समध्ये ठेवला आणि म्हणाली, ‘देखभाल चांगली करतात हो, बरेच दिवस करतायत.’ मग कठडा धरून एकेक पायरी. मागून येणारे बाजूने निघून जात होते. एका मुलाने न विचारता तिची पिशवी घेतली, वर नेऊन ठेवली आणि मागे वळूनही न बघता पळाला. त्याची गाडी लागली होती.

मोनोरेलबद्दल लिहायचं तर फार लिहिण्यासारखं नाही. २०१४ला चेंबूर-वडाळा, २०१९ला पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत. जवळपास वीस किलोमीटरची लाइन, आणि महालक्ष्मी स्टेशनच्या जवळ येऊन थेट स्टेशनात न शिरता थांबलेली. गर्दीने वाहणाऱ्या या शहरात ती रिकामी धावत राहिली. सप्टेंबर २०२५मध्ये दुरुस्ती-सुधारणांसाठी तिची सेवाच थांबवली. तिच्या रिकामेपणाची कारणं पुष्कळ सांगतात, पण ती कुठल्याच मोठ्या स्टेशनाच्या पोटात शिरत नव्हती हे मला त्यांतलं सगळ्यात साधं आणि खरं वाटतं.

याच शहरात एका गोष्टीची मात्र अदलाबदल चोख होते, ती म्हणजे जेवणाचा डबा. डबेवाल्याकडे दिलेला डबा घरापासून ऑफिसपर्यंत कितीतरी हातांतून जातो, स्टेशनावर उतरतो, वेगळा काढला जातो, दुसऱ्या गाडीत चढतो. झाकणावरच्या खुणा आणि आकडे बघून पुढचा माणूस तो उचलतो. तो हरवत नाही, उशिरा पोचत नाही. याचं व्यवस्थापनाच्या शाळांत कौतुक होतं ते अचूकतेचं. मला त्यातली दुसरी बाब जास्त मोलाची वाटते. त्या डब्याची जबाबदारी या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच संघटनेची असते. मध्ये कुठेही तो ‘आता आमच्या हद्दीत नाही’ असा होत नाही. आतल्या पोळीभाजीला जे मिळतं ते ती खाणाऱ्या माणसाला मिळत नाही.

आणि हे अशक्य आहे असंही नाही. हाँगकाँगमध्ये प्रिन्स एडवर्ड आणि माँगकॉक अशी लागोपाठची दोन स्टेशनं आहेत. तिथे दोन लाइनी अशा गुंफल्यात की एका गाडीतून उतरून फलाट ओलांडला की समोर दुसऱ्या लाइनची गाडी. एका स्टेशनात काही दिशांची सोय, पुढच्या स्टेशनात उरलेल्या दिशांची. जिना नाही, पूल नाही. यासाठी बोगदे खणतानाच एकाला दुसऱ्याच्या वर-खाली न्यावं लागतं, म्हणजे पहिली कुदळ मारायच्या आधी कोणीतरी दोन्ही लाइनींचा एकत्र विचार केलेला असावा लागतो. नंतर पूल लावून ते जमत नाही.

लांब कशाला, दहिसरला बघा. मेट्रो २ए आणि ७ कागदावर दोन वेगळ्या लाइनी, पण चालवणारी कंपनी एकच. दहिसर पूर्वेला त्या मिळतात आणि गाडी सरळ एकीवरून दुसरीवर जाते. अंधेरी पश्चिमेला बसलेला माणूस जागेवरून न उठता गुंदवलीला पोचू शकतो. आपण लाइन बदलली हे त्याला कळतही नाही. मेट्रोचं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच, आणि त्याची बातमी झालेली मी तरी पाहिली नाही.

बाकी ठिकाणी जोडणीचं काम शेअर रिक्षा करते. कुर्ला पश्चिमेला उतरून बीकेसीला जाणाऱ्यांच्या रांगा बघितल्यात? तिघे मागे, एक पुढे ड्रायव्हरच्या शेजारी तिरका. वाहतुकीच्या कुठल्याही आराखड्यात ही लाइन नसते, पण तिच्याशिवाय बीकेसी सकाळी दहाला उघडणार नाही. तिथे आता मेट्रो ३चं स्टेशन आहे, पण ठाण्या-कल्याणहून येणाऱ्याला त्या मेट्रोत शिरायचं तर आधी घाटकोपरला मेट्रो १, मग मरोळ नाका, मग ३. तो माणूस हिशेब करतो आणि कुर्ल्याला उतरून रिक्षाच्या रांगेत जातो. पूर्व-पश्चिम जाणाऱ्याचे हाल या शहरात जुनेच आहेत. लोकलच्या सगळ्या लाइनी उत्तर-दक्षिण, कारण पूर्वी सगळ्यांना सकाळी फोर्टातच जायचं असायचं. आता कचेऱ्या आडव्या पसरल्या आणि रूळ उभेच राहिले.

ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण झाली, साडेतेहेतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्टेशनं. त्याच दिवशी ‘मुंबई वन’ नावाचं अ‍ॅप आलं. अकरा वाहतूक सेवांची तिकिटं एका फोनवर, एका क्यूआर कोडवर. चांगली गोष्ट आहे, मी वापरते. पण ‘व्हाया दादर’ने जे काम पुठ्ठ्याच्या तिकिटावर केलं होतं, तिथे आपण आत्ता पोचलो. अ‍ॅपने तिकिटाची रांग मिटली. बॅगेचा पट्टा, जिना आणि पूल राहिले, आणि तेवढे उतरवून घ्यायची सोय फोनमध्ये नाही.

मेट्रो ३मुळे एक जुनी चुकामूकही सुधारली. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट ही ओळीने तीन स्टेशनं. १८६७पासून पाठ फिरवून बसलेल्या दोन बाजू जमिनीखालून का होईना, जोडल्या गेल्या. मी हौसेने जाऊन आले. सीएसएमटीला खाली उतरले, तपासणी, फाटक, आणखी खाली, गाडी, मग चर्चगेटला तेवढंच वर. वर आल्यावर वाटलं, रस्त्याने चालत आले असते तर बहुधा याच सुमाराला पोचले असते. पावसाळ्यात आणि मे महिन्यात मात्र मी खालूनच जाणार, आणि मावशीलाही नेणार. तिथले सरकते जिने तिला फार आवडले.

आता मेट्रो ६चं काम चालू आहे, लोखंडवालाकडून विक्रोळीकडे, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवरून. आडवी लाइन. तिला वाटेत २ए, ७, ३ आणि कांजूरमार्गची लोकल अशा सगळ्या उभ्या लाइनी भेटणार आहेत, म्हणजे ती जवळजवळ मधल्या जागांचीच बनलेली आहे. बोरिवलीच्या भाचीला मुलुंडच्या मावशीकडे जायला यापेक्षा सोयीची लाइन आखता येणार नाही. सुरू होईल तेव्हा लांबी किती, खर्च किती, फीत कोणी कापली हे पेपरात येईलच. मी एखाद्या रविवारी कांजूरमार्गला जाऊन मेट्रोच्या फलाटापासून लोकलच्या फलाटापर्यंत पायऱ्या मोजून येईन. आकडा मावशीला कळवायचाय.